एकशे अठरा नंबरचं झाड

१

तेवीस झाडांचा खून झाला होता, आणि त्यातली एकोणीस प्रेतं मी पोचायच्या आत जाळून टाकलेली होती.

हसू नका. मीही आधी हसलो होतो. १९४५ सालची होळी होऊन दहा दिवस झाले होते. मी, बन्सीलाल पाटील, तळोद्याला फौजदार होतो, आणि झाडं मेली म्हणून फौजदाराने बारा मैल घोडं हाकावं हे मला काही पटेना. पण धुळ्याहून कलेक्टरसाहेबांची तार आली होती, आणि तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं. जपान्यांनी मलाया घेतल्यापासून सरकार रबरासाठी जीव टाकत होतं. मोटारीला टायर नाही, तोफेच्या गाड्याला टायर नाही. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याला, कुंडीपाड्याच्या भिल्लांची जमीन घेऊन, तीनशे रबराच्या झाडांचा प्रयोगमळा उभा केला होता. अशा दिवसांत रबराचं झाड मारणारा म्हणजे शत्रूचा माणूस. तारेत लिहिलं होतं: गुरुवारी दिल्लीहून पाहणीला साहेब येतात, त्याआधी आरोपी पाहिजे. आरोपीला दहा वर्षं, आणि तो ज्या पाड्यातला निघेल तो पाडा तिथून उठवायचा.

मी पोचलो तो शनिवार. मळ्याच्या टोकाला ढिगारा अजून धुमसत होता, आणि त्याच्यापुढे पांढरी पँट घातलेला एक किडकिडीत म्हातारा उभा राहून मजुरांना आणखी एक खोड आत ढकलायला सांगत होता.

"थांबा," मी ओरडलो. "मयताला पोलिसांनी पाहायच्या आत अग्नी देतात का कुठे?"

म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आपण फौजदार का? मी डॉक्टर सबनीस. ही विषारी झाडं आहेत. मुळांतलं विष जमिनीत पसरतं. तुम्हाला यातलं काही कळणार नाही, तेव्हा तुम्ही माणसं पकडा आणि झाडांचं माझ्यावर सोपवा."

डॉक्टर रघुवीर सबनीस म्हणजे झाडांच्या रोगांचे डॉक्टर. मलायात अठरा वर्षं त्यांनी रबराच्या झाडांच्या मुळांना लागणाऱ्या पांढऱ्या बुरशीचा अभ्यास केला होता. विलायतेतल्या मासिकांत त्यांचं नाव छापून यायचं. जपानी आले तेव्हा बायकोचे दागिने तिथेच टाकून एक ट्रंक तेवढी घेऊन आले, असं लोक सांगत. त्यांनीच सरकारला लिहून दिलं होतं, की खानदेशच्या कोरड्या हवेत ती बुरशी जगूच शकत नाही. त्या एका शब्दावर हा मळा उभा राहिला होता.

माणूस मोठा होता, यात वाद नाही. पण मला कोणी घाई केली की मी बसून घेतो, ही माझी लहानपणापासूनची खोड आहे.

"चार झाडं राहिलीत ना?" मी म्हणालो. "ती आता माझ्या ताब्यात. कोणी हात लावला तर त्याला बेडी घालीन."

"मलाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हाला आधी," मी म्हणालो.

२

विष कोणतं ते शोधायला लागलं नाही. मळ्याच्या कोठारात वाळवीसाठी सोमलाचा डबा ठेवलेला असायचा, तो गायब होता. मेलेल्या झाडांच्या बुंध्याशी हातभर खोल भोकं पाडून सोमलाचं पाणी ओतलेलं होतं. चार दिवसांत पानं करपली, आठवड्यात झाडं गेली.

डबाही सापडला. माझ्या हवालदाराने मळ्याचा चौकीदार दिवाल्या याच्या झोपडीची झडती घेतली, तर डबा त्याच्या धान्याच्या कणगीत, नागलीखाली पुरलेला. निम्मा रिकामा.

सगळं जुळत होतं. मळा ज्या जमिनीवर होता, त्यातली चार बिघे या दिवाल्याची. त्याच जमिनीवर त्याला चौकीदार नेमलेलं. होळीला सगळा पाडा डोंगरातल्या काठी गावाला गेला होता. काठीची होळी चुकवणं म्हणजे भिल्लाला वर्ष वाया गेल्यासारखं. दिवाल्याची बायको शांतीबाईसुद्धा गेली होती. दिवाल्याला मात्र डॉक्टरांनी रजा दिली नाही. म्हणजे राग होता, सोमल होता, आणि दोन दिवस मळ्यात त्याच्याशिवाय काळं कुत्रं नव्हतं.

"डॉक्टर व्हताच ना," दिवाल्या म्हणाला. तो घरात भिली बोलायचा आणि माझ्याशी मोडकीतोडकी अहिराणी. त्याच्या बोलीत कलेक्टरलाही तूच म्हणतात, त्यामुळे मलाही तूच. "डॉक्टरनी माले बाटली दिन्ही. बोलना, तुले होळीले जाऊ दिधं नही, हाई पी. मी पिनू आन् झोपी गयू. दुसरा दिन उगना तवय उठनू."

"डॉक्टरांनी बाटली दिली?" मला हसूच आलं. डॉक्टरांचा दारूवर इतका राग, की मोहाचा वास आला म्हणून त्यांनी मागच्या पावसाळ्यात दोन मजूर हाकलले होते. "थापा मारतोस?"

"साहेब, मी झाडले हात लावा नही."

मी पट्टा काढला. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या काळी तपास असाच चालायचा, आणि मी इतरांहून सौम्य नव्हतो. शनिवारी त्याने नाही म्हटलं, रविवारी नाही म्हटलं. सोमवारी दुपारी कबुलीजबाबाच्या कागदावर अंगठा उठवला. मी त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि बाहेर आलो.

बाहेर शांतीबाई उभी होती. शनिवारपासून ती तिथून हललीच नव्हती. सडपातळ बाई, हातापायांत पितळेचे वाळे. रडत नव्हती. ती रागावलेली होती.

"फौजदार," ती म्हणाली, "त्या कणगीतली नागली आम्ही खातो. मी खाते, माझी सासू खाते. कोणी आपल्या खाण्यात सोमल ठेवतं का?"

"लपवायला ठेवला असेल."

"एवढं जंगल पडलंय. लपवायला माझीच कणगी?"

मी तिच्यावर ओरडलो आणि तिला घालवून दिलं. पण जेवायला बसलो तरी डोक्यात ती कणगीच होती. ठेवणाऱ्याला ते धान्य खायचं नव्हतं, एवढं शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला ते अंगठा घेतल्यावर कळलं.

३

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वेळ उरला होता मंगळवार आणि बुधवार.

आधी उमेदमल शेठ. तळोद्याच्या बाजारातले मारवाडी. मळ्याला खत, पहारी, सोमल सगळं त्यांच्याच दुकानातून जायचं. त्यांच्यावर संशय घ्यायला जागा होती, कारण मळ्यामागचं सागाचं रान तोडायचा ठेका त्यांना हवा होता आणि डॉक्टरांनी तो अडवून धरला होता. शेठ गादीवरून उठलेसुद्धा नाहीत.

"मला विचारता?" ते म्हणाले. "मी जीव मारत नाही, फौजदारसाहेब. झाडातही जीव असतो, आमच्या धर्मात तसंच सांगितलंय. तुमच्या डॉक्टरांना विचारा, ते किती लोकांना छळतात. घासलेटाचं परमिट घेऊन आले. दोन डबे, लगेच पाहिजेत. मी म्हटलं, होळी तोंडावर आली, गिऱ्हाइकांना दिवा लावायला थेंब नाही. ऐकतात कुठले? सरकारी काम म्हणे. दोन्ही डबे नेले, आणि माझ्या पोरीच्या घरी शिमग्याला अंधार."

"परमिट दाखवा."

त्यांनी कागद समोर टाकला. मी तारीख बघून तो परत दिला. त्या वेळी माझं डोकं सोमलावर होतं, घासलेटाकडे माझं लक्ष गेलं नाही. वेडा म्हणा मला.

मग भटू. भटू पाटील हा डॉक्टरांचा मदतनीस, सारंगखेड्याकडचा, शेतकी शिकलेला, तिशीचा, लग्न झालेला. कोठाराची एक किल्ली त्याच्याकडे, दुसरी डॉक्टरांकडे. मी त्याला मळ्यातच गाठला.

"भटूभाऊ, तुन्हं आन् डॉक्टरचं काय भांडण शे?" मी अहिराणीतच सुरुवात केली. गाववाल्याशी साहेबी बोललं की तो आखडतो.

"भांडण नही, आप्पा. भांडायला बरोबरी लागते," तो कडवट हसला, आणि मग शाळेतल्या मराठीवर आला. "अडीच वर्षं मी या माणसाची झाडं वाढवली. पाटाचं पाणी फिरवलं, खड्डे केले. अहवालात माझं नाव कुठे? 'स्थानिक मजूर' यात. त्यांच्या वहीला हात लावायची मला परवानगी नाही. कार्तिकात सगळी झाडं तपासली, तर नेमकं मला आठ दिवस धुळ्याला पाठवलं. बियाणं आणायला! बियाणं काय टपालाने आलं नसतं?"

"मग राग होताच."

"होता. अजून आहे. पण राग त्यांच्यावर. झाडं मी लावलीत, आप्पा."

म्हणजे कोठाराची किल्ली असलेला, रागाने भरलेला, आणि होळीला गावी गेलो होतो असं सांगणारा हा माणूस. गावाला तो खरंच गेला होता, पण एका दिवसात परतही आला असता. मनात म्हटलं, दिवाल्या सुटला तर याला धरतो.

आम्ही उरलेल्या चार मेलेल्या झाडांपाशी उभे होतो. मी हवालदाराला एकाची मुळं उकरायला लावली होती. भटूने वाकून मुळाचा एक तुकडा उचलला, मातीवर आपटला, आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"काय झालं?"

"हे सोमलानं मेलेलं नाही," तो म्हणाला.

४

मुळावर पांढरे दोरे होते. सुतासारखे, सालीला घट्ट चिकटलेले, फाटे फुटलेले. भटू धावत जाऊन खोलीतून एक इंग्रजी पुस्तक घेऊन आला आणि त्यातलं चित्र माझ्यापुढे धरलं. चित्रात हेच दोरे.

"पांढरी बुरशी," तो म्हणाला. "डॉक्टरसाहेबांनी जिच्यावर जन्म काढला तीच. वरून झाड हिरवंगार दिसतं, आतून मूळ सडत असतं. वर्षभरात झाड आपोआप जातं. पण साहेब तर म्हणत होते, इथे ती येणारच नाही."

"मग सोमल कशाला?"

"सोमल घातलाय हेही खरंच. पण झाड आधीच रोगी होतं."

मी बाही वर सारली आणि स्वतः पहार घेतली. दुसरं झाड, दोरे. तिसरं झाड, दोरे. जाळलेल्या एकोणीस झाडांच्या खड्ड्यांत तुटून राहिलेल्या मुळ्या उपसल्या, जिथे जिथे सापडल्या तिथे तेच दोरे. मग मळ्यातली बारा जिवंत झाडं इथून तिथून निवडून त्यांची मुळं उघडी केली. एकावरही दोरा नाही.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. तीनशे झाडांतून विष घालणाऱ्याने नेमकी रोगीच झाडं वेचून मारली होती. सूड उगवणारा माणूस असं करील का? तो वाटेकडची रांग मारील, हाताला येतील ती मारील. रोगी झाडं तर रोगानेच जाणार होती. ती मारून कोणाला काय मिळणार? आणि पानं हिरवी असताना रोगी कोणतं, निरोगी कोणतं, हे कळणारा माणूस या सातपुड्यात होता कोण?

"भटूभाऊ," मी म्हणालो, "हिरव्या झाडाचा रोग न खणता ओळखता येतो?"

"येतो. बुंध्याभोवती ओलं गवत दाबून ठेवायचं. तीन आठवड्यांनी उचललं की दोरे वर चढलेले दिसतात. पुस्तकात लिहिलंय." तो माझ्याकडे बघत राहिला. "कार्तिकात गवत घातलं होतं. साहेब म्हणाले, ओल टिकावी म्हणून."

मग राहिलं चौथं झाड. त्याच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर आकडा होता एकशे अठरा. ते खणलं आणि मी कपाळावर हात मारला. मुळं स्वच्छ. एकही दोरा नाही. निरोगी, ताकदीचं झाड, फक्त सोमलाने मारलेलं.

माझा सगळा हिशेब तिथे चुकला.

५

रागारागात मी शेजारचं झाड खणायला लावलं. एकशे एकोणीस नंबर. हिरवंगार, डौलात उभं. मुळावर हातभर लांब पांढरे दोरे, त्या चारांतल्या कुठल्याही झाडापेक्षा जास्त.

म्हणजे शेजारी शेजारी दोन झाडं. रोगी होतं ते सोडलं आणि निरोगी होतं ते मारलं. विष घालणाऱ्याने बावीस वेळा अचूक नेम मारला आणि एकदा हातभरावरून चुकला. का?

मी त्या दोन झाडांपुढे बसून राहिलो. मग बिल्ले हातात घेतले. मळ्यातल्या सगळ्या बिल्ल्यांना अंबाडीची दोरी होती, उन्हाने काळी पडलेली. या दोघांना मात्र पळसाच्या मुळाची दोरी. अशी दोरी मळ्यातला मजूर वळत नाही, पाड्यातले लोक वळतात.

मी शांतीबाईला बोलावलं. ती आली, बिल्ल्यांकडे तिने पाहिलं, आणि शनिवारपासून पहिल्यांदा तिची नजर खाली गेली.

"माझ्या बकऱ्या माघात आत शिरल्या होत्या," ती म्हणाली. "दोरी खाल्ली. पत्रे खाली पडले. बकरी आत दिसली तर डॉक्टर ती कापायला लावतो, आधी दोन कापल्यात. म्हणून मी नवी दोरी वळली आणि पत्रे बांधून टाकले."

"कोणता पत्रा कोणत्या झाडाचा, ते कसं ठरवलंस?"

"मला काय वाचता येतं? एक या झाडाला, एक त्या झाडाला."

"आणि कार्तिकात गवत कोणी घातलं?"

"मीच. सगळ्या झाडांना. उचललं डॉक्टरने, एकट्याने. आम्हाला लांब बसवलं. उचलायचा, बघायचा, पत्रा वाचायचा, वहीत लिहायचा."

मी तिला घरी जायला सांगितलं. तिने एकदाच विचारलं, "त्याला सोडशील?" माझ्या खिशात तिच्या नवऱ्याचा अंगठा होता, आणि कोर्टात तो अंगठा माझ्या अकलेपेक्षा जड पडणार होता. डॉक्टरांनी नुसतं "मला माहीत नव्हतं" म्हटलं असतं, तरी दिवाल्या दहा वर्षं आत आणि अकरा झोपड्यांचा पाडा रस्त्यावर. मला कागद हवा होता. तो कागद म्हणजे डॉक्टरांची वही, ती त्यांच्या ट्रंकेत कुलपात होती, आणि विलायतेत नाव छापून येणाऱ्या माणसाची ट्रंक फोडायची ताकद माझ्यात नव्हती. ती त्यांनी स्वतः उघडायला हवी होती.

६

बुधवारी सकाळी मी सगळ्यांना डॉक्टरांच्या बंगल्याच्या ओट्यावर जमवलं. भटू, उमेदमल शेठ, शांतीबाई, आणि हवालदाराबरोबर दिवाल्या. डॉक्टर खुर्चीत.

"कबुलीजबाब झालाय म्हणे," ते म्हणाले. "मग हा तमाशा कशाला? ती चार झाडं आज जाळली पाहिजेत. उद्या पाहणी आहे."

"एकच शंका आहे, डॉक्टरसाहेब. भटूवर माझा संशय आहे. तुमच्या वहीत झाडांची टिपणं असतात, ती पाहून त्याने हे केलं असेल का?"

"भटू?" डॉक्टर तुच्छतेने हसले. "त्या वहीचं पान या माणसाने लांबूनसुद्धा पाहिलेलं नाही. मलायापासून आजपर्यंत माझ्या वहीला दुसऱ्याचा हात लागलेला नाही. किल्ली माझ्या जानव्याला आहे. आंघोळीलाही काढत नाही."

"पक्कं?"

"शपथेवर सांगतो."

"लिहून घे," मी हवालदाराला म्हणालो. मग भटूकडे वळलो. "भटूभाऊ, उद्या दिल्लीच्या साहेबांपुढे तूच उभा राहा. मुळावरची पांढरी बुरशी तू शोधलीस. मी कलेक्टरसाहेबांना तसंच कळवतो, की डॉक्टर सबनिसांना जो रोग अडीच वर्षांत ओळखता आला नाही, तो सारंगखेड्याच्या भटू पाटलाने एका दुपारी ओळखला. विलायतेच्या मासिकातही तुझंच नाव येईल."

भटू गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. त्याला मी आधी काहीच सांगितलं नव्हतं.

डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"याने शोधला?" ते म्हणाले. "याने? मी कार्तिकातच ओळखला होता! पहिल्या दिवशी, पहिल्या रांगेत! तेवीस झाडं, नंबरासकट, तारखेसकट लिहिलेली आहेत माझ्याकडे. हा गावंढळ माणूस माझा रोग शोधणार?"

ते आत गेले. ट्रंकेच्या कुलुपाचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी वही माझ्या पुढ्यात आपटली, आणि पान उघडून बोट ठेवल्यावर त्यांना कळलं की आपण काय करून बसलो. पण बोट तसंच राहिलं.

मी आकडे मोठ्याने वाचले. तेवीसच्या तेवीस. तेच, जे सोमलाने मेले होते. त्यात एकशे अठरा होता, एकशे एकोणीस नव्हता.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "झाडं मारणाऱ्याने मुळं पाहून मारली असती तर तो चुकला नसता. भिल्लाने मारली असती तर नंबर पाहिले नसते, त्याला वाचता येत नाही. ज्याने मारली त्याने यादी हातात धरून, पत्रे वाचत मारली. यादी एकच आहे, आणि तिला दुसऱ्याचा हात लागलेला नाही असं तुम्ही आत्ताच शपथेवर सांगितलंत. झाडं जाळायला घासलेटाचं परमिट तुम्ही होळीच्या आठ दिवस आधी काढलंत. तेव्हा तेवीसच्या तेवीस झाडं हिरवी होती. दिवाल्याला रजा नाकारलीत, कारण मळ्यात कोणीतरी गुन्हेगार उरायला हवा होता. त्याला बाटली दिलीत, तो झोपला, तुम्ही काम उरकलंत आणि डबा त्याच्या कणगीत पुरलात."

त्यांनी बोट यादीवरून खाली सरकवलं. मग म्हणाले, "एकशे अठरा यादीत आहे. तुम्ही चूक काय म्हणता?"

"माघात दोन पत्र्यांची अदलाबदल झाली. तुम्ही निरोगी झाड मारलंत. रोगी शेजारी उभं आहे."

त्या म्हाताऱ्याचा चेहरा त्या एका वाक्याने जेवढा पडला तेवढा आधी कशानेही पडला नव्हता. "निरोगी होतं?" ते पुन्हा म्हणाले. "अठरा वर्षांत मी निरोगी झाड मारलेलं नाही."

"कशासाठी केलंत?"

"दिल्लीहून जो येतोय तो मलायात माझ्या हाताखाली होता," ते म्हणाले. "तो मुळं उकरणार, मला माहीत होतं. मी लिहून दिलं होतं की इथे ही बुरशी जगत नाही. ती आली, माझ्याच रोपांच्या मुळांच्या मातीतून आली, मी तपासून पास केलेल्या. माझी अठरा वर्षं एका फावड्याने खोटी ठरली असती. विषाने मेली म्हटलं की कोणी मूळ बघत नाही."

"आणि हा माणूस? याला दहा वर्षं झाली असती. याचा पाडा उठला असता."

"पाड्याचा मी विचार केला नव्हता," डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, आणि म्हणूनच मला त्यांची किळस आली.

मी त्यांना बेडी घातली नाही, टांग्यात बसवलं. टांगा सुटताना त्यांनी भटूला हाक मारली आणि एकशे एकोणीसच्या भोवती तीन फूट खोल चर खणायला सांगितलं, नाहीतर बुरशी पुढच्या रांगेत जाईल म्हणाले. भटू पहार आणायला गेला.

मग मी खिशातून तो कबुलीजबाब काढला, दिवाल्यापुढे फाडला, आणि हवालदाराला त्याची बेडी काढायला लावली. आता पाडा कोणी उठवणार नाही, असंही सांगितलं. शांतीबाईने पुढे होऊन नवऱ्याचा दंड धरला. माझी अपेक्षा काय होती कोण जाणे. एखादा रामराम तरी, असं वाटलं असेल.

दिवाल्या मनगट चोळत माझ्याकडे बघत होता. आवाज न चढवता तो म्हणाला, "मी खरं सांगं तवय तू माले मारं. खोटा अंगठा दिधा तवय पानी पाजं."

आणि ती दोघं पाड्याच्या वाटेला लागली. मला लाज वाटली. चाळीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस हे लिहितोय, तेव्हा ते खरं समजा. हवालदार घोडं घेऊन आला, तरी मी त्या ओट्यावरून लगेच उठलो नाही.